काचेची दोन टोकं

सासरा आत आला की जावयाचा फोन खिशात.

सासऱ्यानं मोजलेली खिडकी, जावयानं मागाहून एकट्यानं पुन्हा मोजलेली.

"मामा, तुम्ही आता दुकानातच बसत जा ना." हे चहा पिताना, कपाकडे बघत.

आणि आज ही टाच.

जिना अरुंद. काच उभी धरलेली, माणसापेक्षा लांब. वरच्या टोकाला जावई, उलटा चढतोय. खालच्या टोकाला सासरा. या धंद्यात उलटं चालणाऱ्यानं मागे बघायचं नसतं, पायानं चाचपायचंही नसतं. समोरचा सांगेल तसं पाऊल टाकायचं. हे जावयाला सासऱ्यानंच शिकवलेलं.

"पायरी," सासरा म्हणाला.

जावयाची टाच आधी मागे सरकली, कड शोधली, मग टेकली.

"पायरी."

पुन्हा तेच.

सासरा थांबला. काचही थांबली.

"काय जावईबापू, माझ्या शब्दावर आता तुमच्या टाचेची सही लागते का?"

"तसं नाही, मामा."

"मग कसं? दुकान हवंय ना तुला? तोंडानं माग. असं आतून पोखरू नकोस."

"हातात काच धरून भांडायचं का आपण?"

"खाली ठेवली की तू बोलत नाहीस. फोन घेऊन बाहेर पळतोस. आता पळून दाखव."

जावयानं काचेची पकड सावरली.

"हात भरून आलेत, मामा. चला."

सासरा नाकातल्या नाकात हसला. म्हणजे खरंच होतं तर. मुलगी देऊन झाली, कसब देऊन झालं, आता उरलं दुकान.

"पायरी. पायरी."

वर नुसता उजेड होता, सगळा एकसारखा. जिन्याला नीट रंगसुद्धा लावत नाहीत हे लोक, सासऱ्याला वाटलं. कडा म्हणून कळत नाहीत.

"संपल्या," तो म्हणाला. "आता सपाट."

"हो," जावई म्हणाला. "सपाट."

आणि काचेचं वरचं टोक हळूच उचललं गेलं. बरोबर एका पायरीएवढं.

सासरा होता तिथंच उभा राहिला.

"कधीपासून माहितीये तुला?"

जावयानं काच अंगाशी घट्ट धरली.

"आधी ही टेकवू, मामा."

"नाही. आधी सांग."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं, दोघांना तसं उभं पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

सकाळी घरातून निघताना जावयानं बायकोला सांगितलं होतं, की डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मिळालीय, आज तुझ्या बाबांशी बोलतोच.