थेट प्रक्षेपण

“पुरात आम्ही खोटी बातमी दिली, त्याबद्दल माफी मागतो,” राष्ट्रीय वाहिनीचे नवे संचालक गावच्या शाळेत कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणाले. “यापुढे काहीच लपवणार नाही. हा कार्यक्रमसुद्धा थेट दाखवतोय.”

‘धरण सुरक्षित आहे’ ही त्यांचीच बातमी ऐकून कोंडाबाईचा नवरा घरी थांबला होता, आणि घरासकट वाहून गेला होता. तोंड पोळलेल्या कोंडाबाईने ताक फुंकलंच. भर सभेत तिने जावेला फोन लावून स्पीकर चालू केला.

“अगं, टीव्हीवर राष्ट्रीय वाहिनी लाव. आत्ता काय लागलंय?”

“एक बाई वांग्याचं भरीत शिकवतीय. का गं?”

“मुडद्या, माफीसुद्धा खोटीच मागतोस?” कोंडाबाई कडाडली.

संचालकांचे जोडलेले हात तसेच राहिले. कॅमेरामनला ते हळूच म्हणाले, “एवढं नंतर कापून टाका.”