पाच पायांचा बैल

"बैलाला पाच पाय? असा बैल कुठं बघितलात हो साहेब?" नागूनं प्लॅस्टरचे हात पंच्याला पुसत विचारलं.

सिनेमाच्या सेटचं काम बघणाऱ्या नवीननं मोबाइलवरचा फोटो पुढे केला. "इराकातल्या जुन्या निनवे शहराच्या वेशीवरचा बैल आहे, काका. माणसाचं तोंड, पाठीला पंख. समोरून बघाल तर उभा, बाजूनं बघाल तर चालतोय. म्हणून पाचवा पाय."

कर्जतबाहेरच्या माळावर प्लायवूडचं निनवे उभं राहत होतं. नागूनं आठ दिवस राबून बैल केला होता, तो चार पायांचा. उभी हयात गणपती आणि त्यांचे उंदीर घडवण्यात गेली, पाय मोजायची वेळ कधी आली नव्हती. केलेलं मोडायचं म्हणजे डोक्याला ताप, पण नागू कुरकुरला नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत नवीनपाशी जाऊन बसला.

"ते शहर बुडालं कसं, साहेब? माझा साईनाथ तिथल्याच पडक्या वेशीच्या डागडुजीला गेलाय. गवंडी हाय. त्याच्या बोलण्यातलं मला कायबी कळत नाय, म्हणून इचारतो."

"शत्रूंनी जाळलं, सव्वीसशे वर्षांपूर्वी. राजवाड्यात मातीच्या पाट्यांचं ग्रंथालय होतं. त्या आगीत बऱ्याच पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून आजही वाचता येतात."

नागूनं ते दोनदा विचारून घेतलं.

खालापूरकडच्या आपल्या गावी तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. पडवीत पन्नास गणपती बिनडोळ्यांचे बसले होते. डोळ्यांची आखणी करावी तर नागूनंच, असं चार गावं म्हणत. ऐन हंगामात म्हातारा सिनेमाच्या नादी लागला म्हणून गिऱ्हाइकं तोंडसुख घेत होती. घेईनात का.

सून रुचिता उंबऱ्याशी बसली होती. नववा महिना. आधीची दोन पोटातच गेलेली. डॉक्टरीणबाईंनी नागूला बजावलं होतं, हिच्या जिवाला घोर लागू देऊ नका, नाहीतर दोघांचंही खरं नाही.

"मामंजी, फोन आला त्यांचा?"

"आला ना, सेटच्या हापिसात. तुझा मोबाइल लागत नाय म्हणं तिकडून." नागू पायरीवर टेकला. "तिथल्या बैलाला पाच पाय हायेत गं! आन शहर जळलं, पण मातीच्या पाट्या भाजून टिकल्या म्हणं. लई सांगत होता."

"जेवतात का नीट?"

"जेवतो की. खजूर लई गोड हाय तिकडं."

"बारशाला येतील?"

"येईल." ह्याच पडवीत साई शाडूत लोळायचा आणि आईचा मार खायचा. आई गेली, पोर सातासमुद्रापार. नागूनं तोंड फिरवलं.

"देवाशी दिवा लावते," म्हणत रुचिता भिंतीला धरून उठू लागली.

"ऱ्हाऊ दे गं. तेल संपलंय. उद्या आणतो."

"कालपण संपलं होतं."

"म्हातारा झालो. इसरतो."

ती पुन्हा टेकली. "कुंभिवलीची माणसं येऊन गेली. म्हणाली, आमच्या एका गणपतीचे डोळे तेवढे काढून द्या."

"हात थरथरतो हल्ली. बघू नंतर."

"बैल करताना नाय थरथरत?"

रुचितानं तांब्या नागूकडे सरकवला. तो पाणी प्यायला.

मग पोटावर हात ठेवून ती शांतपणे म्हणाली, "तुमी भिऊ नका. मी धड हाय, बाळबी हलतंय. येवढंच सांगा मामंजी, त्यांचं सुतक तुमी एकट्यानं धरलंय, त्याचा आज कितवा दिवस?"