कणीक, मणी, वाळू

"तुमच्या बालवाडीत नुसतं खेळवतात," असं नंदाताईंना तोंडावर सांगून कल्याणीने आपल्या चार वर्षांच्या मुलीचं, मैत्रीचं, नाव तिथून काढलं आणि जूनपासून तिला रोज दोन पानं लिहून घेणाऱ्या शाळेत घातलं.

दिवाळी आली तरी मैत्रीच्या हातात पेन्सिल टिकेना. सदाशिव पेठेतल्या थेरपिस्ट बाईंनी तिची बोटं दाबून पाहिली. "बोटांत ताकदच नाही," म्हणाल्या, आणि कागदावर उपाय लिहून दिला: कणीक मळणे, मणी ओवणे, वाळूत खेळणे. रोज दोन तास.

क्लिनिकच्या जिन्यातूनच कल्याणीने नंदाताईंना फोन लावला. "ताई, मैत्रीला परत घ्याल का?"



"घेऊ ना. पण आधीच सांगते, आमच्याकडे अजूनही नुसतं खेळवतात."