टवका उडालेलं ताट

मनिलात कोरोनाची टाळेबंदी होती. मदतीतला सार्डिनचा एकच डबा लुमेनने शेवग्याचा पाला, तांब्याभर पाणी घालून पुरवला. असाच रस्सा बघून सासूबाई तापातही म्हणाल्या होत्या, "यातून मासा नुसता पोहून गेला वाटतं!" त्याच भरल्या ताटावरून पांढऱ्या पोशाखातल्यांनी त्यांना उठवून नेलं. दारातून त्या ओरडल्या, "अगं, ताटं फिरव! तरच उठून गेलेलं माणूस सुखरूप परततं." संसर्गाला घाबरलेल्या लुमेनने ताटं न फिरवताच उकळत्या पाण्यात टाकली. परत आली ती राख. तेव्हापासून त्यांचं ताट ती रिकामंच मांडते, टवका उडालेली कड भिंतीकडे करून. आज पहिल्याच घासाला भाजीच्या ट्रकचा हॉर्न वाजला. नवरा ताटावरून उठून ट्रकवरच्या कामाला निघाला. "जपून रे," म्हणत तिने झटकन स्वतःचं ताट फिरवलं, मुलीचं फिरवलं, मग सासूबाईंच्या ताटाकडे हात नेला. टवका उडालेली कड आधीच दाराकडे वळली होती.