कोंबून भरलेला फ्रीज

"एवढं कोंबल्यावर फ्रीज बंद पडणारच!" दुरुस्तीला आलेल्या साजिदाच्या देखतही अप्पांनी सुनेला सुनावलं. आठ दिवस हेच चाललं होतं. दूध नासलं, दोष हेमांगीचा. सासूबाईंचं इन्सुलिन शेजाऱ्यांकडे ठेवावं लागलं, तोही हेमांगीचाच. ऐकून ऐकून तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

साजिदाने वरचा फ्रीझर उघडला, बॅटरीच्या उजेडात आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं. एका जागी ते थांबलं.

"इथं भोक पडलंय, ताई. सगळा गॅस निघून गेला. कोंबण्याचा काही संबंध नाही. सुरीने बर्फ कोणी टोचला?"

हेमांगीने नकारार्थी मान हलवली. सासूबाईंनी मात्र सरळ नवऱ्याकडे पाहिलं.

चाळीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलेले अप्पा खाकरले. "टोचला मीच. पण सुरी हिनेच ओट्यावर टाकली होती ना!"

हेमांगीला आधी खुदकन हसू फुटलं. मग, सहा वर्षं आपण या माणसाला घाबरत आलो, याची तिला लाज वाटली.