पंखावरची फुली

मुलांनो, एक बशी डोळ्यांपुढे आणा. बशीत पाणी, पाण्यात नखाएवढा कागद आणि कागदावर पांढऱ्या काठाची काळी फुली. शेजारी वर्तमानपत्रावर प्लॅस्टिकचं विमान, तुमच्या वितीएवढं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन जेट. फुली कागदावरून सुटली की अलगद त्याच्या पंखावर सरकवायची.

बशीसमोर बसली होती दहा वर्षांची लीना. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये, दारंखिडक्या बंद करून. दुपारी गल्लीत बॉम्ब फुटले होते. एका तरुणाला चॉपरने तोडलं होतं. त्याला अजून कुणी उचललं नव्हतं.

आधीची फुली लीनाने घाईने ओढली होती, ती फाटली. वरच्या मजल्यावरचा जयप्रकाश कॉलेजातून आला की विमान बघायला डोकावायचा. तो म्हणाला होता, "ओढतेस काय, वेडे? भिजू दे. आपोआप सुटते."

"पण ही खूण कशाला, जयदा?"

"कुणावर गोळी झाडायची, ते लांबून कळावं म्हणून."

दारावर हलकी टकटक झाली. "काकू, मी."

लीनाच्या आईने, श्यामलाने, कडी काढली. जयप्रकाश आत आला आणि भिंतीला टेकला. दुपारपासून तो गच्चीवर टाकीमागे लपला होता. पाठीवर वार होता. रक्त वाळून हिरवा शर्ट कातडीला घट्ट चिकटला होता.

"दुपारचेच लोक खालून एकेक दार उघडायला लावतायत, काकू. तोंड नाही पाहिलं त्यांनी माझं. हा शर्ट तेवढा पाहिलाय."

श्यामलाने नवऱ्याचा काळा स्वेटर आणला. शर्टाचं टोक धरून ओढलं. जयप्रकाशने स्वतःचं मनगट चावलं, तरी घशातून आवाज निघालाच.

तेवढ्यात समोरच्या दारावर लाथा बसल्या. "शोबुज जामा कोथाय?" हिरवा शर्ट कुठाय? भांडी कोसळली. थोबाडीत बसल्याचा आवाज आला, मग दुसरा. म्हातारे घोषबाबू रडू लागले.

श्यामलाने पुन्हा शर्ट धरला.

"आई, ओढू नको!" लीना कुजबुजली. "भिजव."

"वेळ कुठाय गं, बाई?"

लीनाने त्याची कॉलर उचलली आणि बशी आत ओतली. पाठोपाठ तांब्या. लाल पाणी फरशीवर पसरलं. विमान आडवं होऊन त्यात भिजलं.

"आता थांब," ती म्हणाली. "हात नको लावू."

तिघंही थांबली. समोर काठी कुणाच्या तरी हाडावर बसत होती. घोषबाबूंचं रडणं एकाएकी बंद झालं.

मग शर्ट सुटला. खांद्यापासून खाली, आवाज न करता. श्यामलाने तो कोळशाच्या डब्यात कोंबला, लाल पाण्यावर घोंगडी टाकली आणि स्वेटर त्याच्यापुढे धरला.

"दोरजा खुलुन!" त्यांच्या दाराची कडी थरथरली.

जयप्रकाशच्या पाठीवर, जखमेच्या जरा वर, काळी फुली चिकटली होती. एकही कोपरा न फाटता.

"थांब, जयदा."

लीनाने बोट भिजवलं. फुली अलगद सरकवत आपल्या तळव्यावर घेतली. मूठ मिटली आणि त्याने स्वेटर चढवल्यावर ती कडी काढायला गेली.