सहीसाठी सादर

“तुमचा ब्लॉग दिसत नाहीये, ताई.”

“सहीला गेलाय.”

वर्गात हशा पिकला. वर्ग म्हणजे ग्रंथालयाचीच तळमजल्यावरची खोली, सात संगणक आणि सात कर्मचारी. बाइंडरने जुन्या पुस्तकांच्या शिवणीवर चार ओळी टाकल्या होत्या. बालविभागातल्या बाईंनी फोटो चढवले होते. देवघेवीच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंचं पान मात्र कोरं होतं. ब्लॉग लिहायला शिकवायला आलेल्या मुलीला वाटलं, ताईंना जमलेलं नाही. तिने समजुतीने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

ताईंना सगळं जमलं होतं. त्यांनी मजकूर टाइप करून जपून ठेवला होता, त्याची प्रत काढली होती, वर ‘सहीसाठी सादर’ असं लिहून ती फाइलीला लावली होती आणि फाइल ग्रंथपाल साहेबांच्या टेबलावर पाठवली होती. त्याला आज अकरा दिवस झाले होते.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. ताईंच्या नोकरीच्या एकोणतीस वर्षांत साहेबांच्या सहीशिवाय या इमारतीत एकही कागद भिंतीला लागला नव्हता. ‘पंखा बंद आहे’ ही सूचनासुद्धा सही होऊन आली, तेव्हा पंखा दुरुस्त होऊन महिना झाला होता. शिपायाने ती तरीही लावली, फिरत्या पंख्याखाली.

मजकूर होता वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षाचा. येत्या एक तारखेपासून तो पाच वाजता बंद होणार होता. साहेबांनी समितीला अहवाल दिला होता की पाचनंतर वाचक शून्य. पुरावा म्हणून हजेरीची वही दाखवली होती, आणि वही खोटं बोलत नव्हती. फक्त ती सांभाळणारा दारावरचा शिपाई पाच वाजले की वही कपाटात घालायचा, कुलूप लावायचा आणि घरी जायचा. वहीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा आदेशही साहेबांचाच. मग पाचनंतर आलेल्या माणसाने सही करायची कुठे? सही नाही म्हणजे माणूस नाही.

ताईंची ड्यूटी आठपर्यंत असायची. त्यांना ती माणसं रोज दिसायची. परीक्षेला बसलेली एक परिचारिका, आधी दहा मिनिटं टेबलावर डोकं टेकून झोपणारी आणि मग पुस्तक उघडणारी. घरातल्या टीव्हीचा दणका सोसवत नाही म्हणून येणारे निवृत्त मोटारचालक. एकाच पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या दोघी बहिणी. ताईंनी हे तीनदा टिपण करून वर पाठवलं होतं. तिन्ही वेळा ‘पाहू’ असा शेरा पडून ते परत आलं. ब्लॉगसाठी त्यांनी तेच पुन्हा लिहिलं होतं, आणि शेवटी एक ओळ जोडली होती: तुम्ही रोज येता, पण आमच्या वहीत तुमची नोंद नाही.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, इथं सहीला जागाच नाहीये. हे बटण दाबलं की झालं.”

“आणि साहेब?”

“तेही वाचतील की. सगळ्यांसारखे.”

ताईंनी पडद्यावरचा बाण त्या बटणावर नेऊन ठेवला. बाइंडर शेजारून कुजबुजला की निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला विषाची परीक्षा घेता. त्याचं चुकत नव्हतं. ताईंना भीती वाटत होती. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो साहेबांपेक्षा स्वतःवर जास्त होता. एकोणतीस वर्षं आपण त्या पंख्याच्या सूचनेसारखे ताटकळत राहिलो. त्यांनी एक राहून गेलेला स्वल्पविराम दिला आणि बटण दाबलं.

त्या संध्याकाळी त्यांनी पेन्सिलने चिठ्ठ्या केल्या, त्यांवर ब्लॉगचा पत्ता लिहिला आणि वरच्या प्रत्येक टेबलावर एक ठेवली. पत्त्याखाली दोन ओळी होत्या. वाचा, आणि पटलं तर वहीत लिहितात तसं तिथे मजकुराखाली लिहा, नाव आणि यायची वेळ. चिठ्ठ्यांवरही कोणाची सही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. साहेबांनी ब्लॉग कागदावर छापून घेतला होता, कारण पडद्यावर शेरा मारता येत नाही. समासात लाल शाईने ‘कोणाच्या परवानगीने?’ असं लिहिलं होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. मजकूर पाचच्या आत काढून टाका, नाहीतर लेखी खुलासा द्या आणि उद्यापासून तळघरातल्या गोदामात बसा, एवढंच सांगितलं.

“काढणार नाही,” ताई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांनी ‘हो साहेब’ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. त्यामुळे साहेबांच्या ते आधी लक्षातच आलं नाही. लक्षात आल्यावर त्यांनी कागद पुढे सरकवला आणि त्यावर बोट ठेवलं.

“यावर सही कोणाची आहे, ते दाखवा मला.”

ताईंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. साहेबांनी फक्त पहिलंच पान छापलं होतं. ताईंनी काखेतल्या फाइलीतून मजकुराखालच्या नोंदींची उरलेली तीन पानं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. नावाखाली नाव होतं, प्रत्येकासमोर वेळ होती.

“मोजून घ्या, साहेब. त्रेचाळीस आहेत. सगळ्या पाचनंतरच्या.”